पश्मिना शाल : निर्मितिप्रक्रिया आणि हातसुताचा प्रश्न

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सार्वजनिक जीवनात शालीला मानाचे स्थान आहे. व्याख्यात्याचा सत्कार असो वा प्राध्यापकाचा सेवानिवृत्ती समारंभ, शाल आणि श्रीफळ यांवाचून तो पूर्ण होत नाही. मराठी भाषेनेही ही शाल आपलीशी केली आहे. 'शालजोडीतले' हा वाक्प्रचार आज केवळ सौम्य शब्दांत हाणलेल्या टोल्यासाठी वापरला जातो. परंतु त्यातील 'शालजोडी' ही एक प्रत्यक्ष वस्तू होती. काश्मीरमध्ये विणलेली नक्षीदार शाल एका बाजूने सुबक आणि दुसऱ्या बाजूने धाग्यांच्या टोकांमुळे खडबडीत दिसे. म्हणून दोन शाली पाठीला पाठ लावून वापरण्याची पद्धत पडली. अकबर बादशहा अशी दुहेरी शाल पांघरीत असे, असा उल्लेख अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात आहे. पुढे मानाची वस्त्रे देण्याच्या दरबारी रिवाजाबरोबर ही शालजोडी देशभर पोहोचली.

सत्कारात अंगावर पडणारी आजची शाल बहुधा यंत्रमागावरील, ॲक्रिलिक अथवा व्हिस्कोज धाग्याची असते आणि पुष्कळदा तिच्यावर 'पश्मिना' अशी चिठ्ठीही लावलेली असते. नावाचा हा सैल वापर केवळ ग्राहकाची फसवणूक करतो असे नाही. पश्मिना शालीचे मूल्य ज्या कामातून निर्माण होते, ते काम आणि ते करणारे हात या दोहोंना तो अदृश्य करतो. प्रस्तुत लेखात काश्मिरी पश्मिना शालीची निर्मितिप्रक्रिया विशद करण्यात आली आहे. या प्रक्रियेतील विणकाम आणि भरतकाम यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तुलनेने सूतकताईकडे दुर्लक्ष झाले आहे. वस्तुतः पश्मिनाचा आजचा प्रश्न हा मुख्यतः सुताचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच या लेखात त्या टप्प्याला अधिक जागा दिली आहे.

तंतू : चांगथांगची देणगी

'पश्म' या फारसी शब्दाचा अर्थ लोकर असा होतो. मात्र पश्मिनाचा पश्म मेंढीपासून मिळत नाही. लडाखच्या पूर्वेकडील चांगथांग पठारावर, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, चांगपा हे भटके पशुपालक शेळ्या पाळतात. तेथील हिवाळ्यात तापमान शून्याखाली तीस अंशांच्याही खाली जाते. या थंडीला तोंड देण्यासाठी शेळीच्या राठ केसांखाली अतिशय तलम लव वाढते. हीच लव म्हणजे पश्म होय. तिच्या तंतूची जाडी साधारणतः १२ ते १६ मायक्रॉन असते. मानवी केसाची जाडी सामान्यतः ५० मायक्रॉनच्या पुढे असते, हे लक्षात घेतले म्हणजे या तलमपणाची कल्पना येते.

उन्हाळा सुरू झाला की शेळीला या लवेची गरज उरत नाही आणि ती आपोआप सुटू लागते. त्या सुमारास चांगपा कुटुंबे फणीने शेळ्या विंचरून ती गोळा करतात. मेंढीप्रमाणे शेळीला भादरले जात नाही, कारण तसे केल्यास राठ केस आणि लव एकत्र मिसळून जातात. एका शेळीपासून वर्षाकाठी सरासरी पाव किलोच्या आसपास कच्चा माल मिळतो. त्यातून राठ केस, कोंडा आणि धूळ काढून टाकल्यावर निम्म्याहूनही कमी भाग उरतो. म्हणजेच एका साध्या शालीसाठी किमान दोन-तीन शेळ्यांची वर्षभराची लव लागते. लडाखमधील कच्च्या पश्मचे एकूण वार्षिक उत्पादन पन्नास टनांच्या आसपास आहे. चीन आणि मंगोलिया यांच्या उत्पादनापुढे हा आकडा नगण्य असून जगातील एकूण उत्पादनाच्या एक टक्क्याइतकाही तो भरत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शाहतूश आणि पश्मिना या एकच वस्तू नव्हेत. शाहतूश हा तिबेटी चिरू या हरणासारख्या वन्य प्राण्याचा तंतू असून तो मिळविण्यासाठी त्या प्राण्याला ठार मारावे लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तसेच आंतरराष्ट्रीय करारान्वये त्याच्या व्यापारास बंदी आहे. पश्मिनाची शेळी मात्र पाळीव असून लव विंचरल्यानंतर ती पुन्हा कळपात चरू लागते. अंगठीतून आरपार जाणारी शाल म्हणजे अस्सल पश्मिना, ही समजूतही अशीच निराधार आहे. पुरेसे पातळ कोणतेही कापड अंगठीतून जाते.

एका खोऱ्याची मक्तेदारी

तंतू लडाख-तिबेटचा आणि विणकाम काश्मीरचे, अशी ही विभागणी जुनी आहे. काश्मीरमधील शालउद्योगाचा आरंभ परंपरेने पंधराव्या शतकातील सुलतान झैन-उल-आबिदीन याच्या कारकिर्दीशी जोडला जातो. लडाख, तिबेट आणि मोगल यांच्यातील संघर्षानंतर १६८४ मध्ये टिंगमोसगांग येथे झालेल्या तहाने पश्चिम तिबेट व लडाखमधील पश्मच्या व्यापाराची मक्तेदारी काश्मीरच्या वाट्याला आली. खोऱ्यातील कारागिरी एवढी वाढली त्यामागे केवळ कौशल्य नव्हते; कच्चा माल दुसरीकडे जाऊ न देणारी राजकीय व्यवस्थाही होती. १८४६ च्या अमृतसर तहात महाराजा गुलाबसिंग यांनी ब्रिटिश सरकारला दरवर्षी एक घोडा, शालीसाठी लव देणाऱ्या बारा शेळ्या (सहा नर व सहा माद्या) आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या द्याव्यात, असे कलम होते. संपूर्ण प्रदेशावरील अधिसत्तेची खूण म्हणून शेळी आणि शाल यांची निवड व्हावी, हे पुरेसे बोलके आहे.

१९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर तिबेटकडून येणारा पश्म थांबला आणि लडाखच्या कळपांवरील भार वाढला. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लडाख आणि जम्मू-काश्मीर हे दोन स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश झाले. त्यामुळे तंतू एका प्रशासनाखाली आणि माग दुसऱ्या प्रशासनाखाली, अशी आजची स्थिती आहे.

लव ते सूत

काश्मीरमध्ये आलेला पश्म प्रथम निवडला जातो. राठ केस हाताने वेचून काढणे हे अत्यंत वेळखाऊ काम पूर्वी स्त्रिया घरोघर करीत. आता लेहमध्ये यंत्राने केस वेगळे करण्याची सोय झाली असून या टप्प्यावरील यंत्राच्या वापराला कोणाचा फारसा आक्षेप नाही. केस काढल्यानंतर ही लव उभ्या लाकडी फणीवर पुनःपुन्हा विंचरली जाते. त्यानंतरची कृती मात्र पाहणाऱ्यास चकित करणारी आहे. तांदूळ भिजवून कुटून त्याचे पीठ केले जाते आणि ते या लवेत मिसळून हाताने चोळले जाते. पिठामुळे तंतूंतील चिकटपणा व मळ शोषला जातो आणि तंतूंना मऊपणा येतो. काही काळानंतर पीठ झटकून लव पुन्हा विंचरली जाते व तिच्या चपट्या वड्या केल्या जातात. ब्रिटिश प्रवासी विल्यम मूरक्रॉफ्ट याने १८२२-२३ या काळात काश्मीरमध्ये राहून या उद्योगाची तपशीलवार नोंद केली. तीतही या पिठाच्या संस्काराचे वर्णन आढळते. दोनशे वर्षांत त्यात तत्त्वतः बदल झालेला नाही.

यानंतर सुरू होते ती कताई. काश्मिरी चरख्याला 'यंदर' म्हणतात. स्त्री जमिनीवर बसून उजव्या हाताने चाक फिरविते आणि डाव्या हाताच्या चिमटीतील लवेतून तंतू ओढीत त्याला पीळ देते. कापसाच्या पेळूतून सूत काढण्याशी या क्रियेचे वरवर साम्य असले तरी दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. पश्मचा तंतू आखूड आणि कमालीचा नाजूक असतो. त्याला एकसारखा ताण सोसत नाही. कुठे लव विरळ झाली, कुठे दाटली, हे बोटांना क्षणोक्षणी कळावे लागते आणि त्यानुसार ओढ सैल किंवा घट्ट करावी लागते. डोळ्यांपेक्षा येथे स्पर्श अधिक उपयोगी पडतो. ही जाण कोणत्याही संस्थेत शिकविली जात नसे. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे ती येत असे. हिवाळ्यात खोऱ्यातील शेतीकामे थांबलेली असताना, घर न सोडता, घरकामाच्या मधल्या वेळेत करता येणारे हे काम होते. विधवा आणि निराधार स्त्रियांना तर त्याचा मोठाच आधार होता.

कातलेले एकेरी सूत दुहेरी करून त्याला उलट पीळ दिला जातो. त्यामुळे ते विणण्याजोगे बळकट होते. मग ते फिरकीवर गुंडाळून त्याचे धागे मोजले जातात. मोजणीचे परंपरागत एकक 'गंड', म्हणजे गाठ, हे आहे. साधारणपणे वीतभर लांबीचे दहा धागे एकत्र बांधले की एक गाठ होते आणि कातणारणीची मजुरी या गाठींवर ठरते. दीर्घकाळ हा दर गाठीला एक रुपया असाच राहिला. अलीकडे काही ठिकाणी तो वाढविण्यात आला आहे. हिशेब केला तर दोन-सव्वादोन मीटर दुहेरी सुतामागे एक रुपया पडतो. या मापात दिवसभराच्या कामाची किंमत काय होते, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राच्या जाणकाराची आवश्यकता नाही.

हातसुताचे वैशिष्ट्य त्याच्या किंचित असमानतेत असते. पीळ कमी असल्याने तंतूंमध्ये हवा अडकून राहते. पश्मिना शाल वजनाला जेमतेम दोनशे ग्रॅम असूनही उबदार का लागते, याचे उत्तर बव्हंशी येथे आहे. पश्मिनाचा मऊपणा केवळ शेळीकडून येतो ही समजूत अर्धसत्य होय. त्यातील मोठा वाटा कातणाऱ्या हाताचा असतो.

माग आणि विणकर

सूत तयार झाल्यानंतर ते पुरुषांच्या हाती जाते. उद्योगातील ही लिंगाधारित विभागणी जुनी असून आजही मोठ्या प्रमाणावर कायम आहे. प्रथम ताण्यासाठी सूत निवडले जाते. जमिनीत रोवलेल्या सळयांभोवती दोन माणसे ये-जा करीत धागा गुंडाळतात आणि एका वेळी चार-पाच शाली होतील एवढा ताणा तयार करतात. ताण्याला तांदळाची खळ दिली जाते. धागे एकमेकांवर घासून तुटू नयेत हा त्यामागील हेतू आहे. पुढे एकेक धागा मागावरील दोऱ्यांच्या फासांतून आणि फणीतून ओवला जातो. हे काम करणारा कारागीर वेगळा असतो. मूरक्रॉफ्टच्या काळी तर ताणा करणारा, खळ देणारा आणि धागे ओवणारा या प्रत्येकासाठी स्वतंत्र संज्ञा होती.

काश्मिरीत 'वोवुर' म्हणून ओळखला जाणारा विणकर लाकडी मागावर बसून पायाखालच्या फळ्या आळीपाळीने दाबतो आणि धोटा हाताने एका बाजूकडून दुसरीकडे सोडतो. हातसूत तुटते, तुटले की काम थांबवून थुंकीचे बोट लावून धागा सांधावा लागतो. साध्या शालीच्या विणकामास सुमारे तीन ते पाच दिवस लागतात. साधी वीण, तिरकी वीण आणि बुलबुलाच्या डोळ्यासारखे बारीक चौकटीचे नक्षीकाम उमटविणारी 'चश्म-ए-बुलबुल' हे तिचे प्रचलित प्रकार होत.

कानी शालीचे तंत्र यापेक्षा सर्वस्वी भिन्न आहे. तीत धोटा वापरला जात नाही. बाणा रंगीत सुताच्या लहान लाकडी काड्यांनी भरला जातो. या काड्यांना 'तुजी' किंवा 'कानी' म्हणतात आणि त्यावरूनच शालीला नाव मिळाले. प्रत्येक रंग आपल्या क्षेत्रापुरताच विणला जातो व शेजारच्या रंगाशी अडकविला जातो. नक्षी कापडावर आखलेली नसते. किती ताण्याचे धागे उचलून कोणता रंग भरावयाचा, हे सांकेतिक चिन्हांत लिहिलेले असते. या लिखिताला 'तालीम' म्हणतात. एक जण ते मोठ्याने वाचतो आणि विणकर त्याप्रमाणे काड्या फिरवितो. महाराष्ट्रातील वाचकास या तंत्राची कल्पना पैठणीवरून येऊ शकेल. पैठणीच्या पदरावरील मोर व कोयरी अशाच प्रकारे वेगवेगळ्या रंगांच्या तिल्ल्यांनी विणल्या जातात. भेद एवढाच की पैठणीची वीण साधी, तर कानीची तिरकी असते. भरगच्च कानी शालीस वर्ष-दीड वर्ष अथवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो.

मागावरून उतरलेली शाल विक्रीयोग्य नसते. 'पुर्झगर' हा कारागीर ती ताणून बसविलेल्या काठीवर घेतो आणि चिमट्याने गाठी, काड्या, रंगहीन केस एकेक करून उपटतो. कोठे छिद्र पडले असल्यास 'रफूगर' ते अशा रीतीने भरून काढतो की सांधा दिसू नये. त्यानंतर शाल वाहत्या पाण्यात, गुळगुळीत दगडावर हलक्या हाताने धुतली जाते. पूर्वी यासाठी रिठा वापरीत. रंगकाम होते ते याच सुमारास. भरतकाम करावयाचे असल्यास नक्काश नक्षी तयार करतो, लाकडी ठशांनी तिची रेखा उमटविली जाते आणि सोझनीचा कारागीर सुईने ती भरतो. या टप्प्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. प्रदर्शने व पुस्तके यांतून तो पुरेसा परिचित आहे.

श्रमाचा जुना हिशेब

शाल युरोपात पोहोचली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर फ्रान्समध्ये तिची फॅशन आली. मागणी वाढताच स्कॉटलंडमधील पेस्ली आदी ठिकाणी जॅकार्ड मागावर तिच्या नकला विणल्या जाऊ लागल्या आणि काश्मिरी कोयरीला जगाच्या बाजारात एका स्कॉटिश गावाचे नाव मिळाले. इकडे काश्मीरमध्ये अफगाण अमलापासून 'दाग-शाल' हा कर शालींवर बसविलेला होता. डोग्रा राजवटीत त्याचा बोजा असह्य झाला. विणकराला गाव वा धंदा सोडण्याचीही मोकळीक नव्हती. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरमधील झालडगर येथे शाल विणकरांनी याविरुद्ध मोर्चा काढला. सैन्याच्या कारवाईत २८ विणकर मृत्युमुखी पडले, असे सांगितले जाते. पुढे १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने मुख्य बाजारपेठ कोसळली आणि १८७७ ते १८७९ च्या दुष्काळाने उरलेल्या विणकरांचा कणा मोडला.

या इतिहासात कातणारी स्त्री कोठे आहे? कराच्या नोंदी शालींच्या आणि मागांच्या होत्या. मोर्चा विणकरांचा होता. चरखे घरोघर विखुरलेले असल्याने कातणाऱ्या स्त्रियांची एकत्र अशी जागा नव्हती आणि म्हणून त्यांचा एकत्र असा आवाजही नव्हता. माग थंडावले की चरखेही थंडावत. परंतु त्याची नोंद क्वचितच कोणी केली. हा वारसा आजही चालू आहे. शालीचा गौरव होतो तो विणकराच्या अथवा भरतकाम करणाऱ्याच्या नावाने. कातणारीचे नाव व्यापाऱ्याच्या वहीत केवळ गाठींच्या संख्येपुरते असते.

यंत्रसुताचे आगमन

गेल्या काही दशकांत या साखळीला तडा गेला तो नेमका कताईच्या जागी. पश्मचा तंतू गिरणीतील यंत्राचा ताण सहन करू शकत नाही. त्यावर उपाय म्हणून त्यात नायलॉनचा तंतू मोठ्या प्रमाणात मिसळला जातो. नायलॉनच्या आधाराने सूत यंत्रावर निघते, मागावर तुटत नाही आणि झपाट्याने विणले जाते. विणून झाल्यावर शाल आम्लात बुडविली जाते. नायलॉन विरघळून जाते आणि पश्म शिल्लक राहतो. रासायनिकदृष्ट्या हे शक्य होते, कारण प्राणिज तंतू आम्लाला नायलॉनपेक्षा अधिक दाद देत नाही. तथापि त्याला काहीच इजा होत नाही असे नव्हे. त्याच्या बळकटीवर व मऊपणावर परिणाम होतो, आणि पूर्णतः न विरघळलेले नायलॉन मागे राहण्याची शक्यता असते. शाल हाती घेणाऱ्या ग्राहकास हे कळण्याचा मार्ग नसतो.

हे सूत विणकराला का हवेसे वाटते, हेही समजून घेतले पाहिजे. धागा तुटत नसल्याने त्याच वेळेत अधिक कापड निघते आणि मजुरी तर शालीवर मिळते. व्यापाऱ्याला ठरलेल्या मुदतीत माल मिळतो. त्यामुळे यंत्रसुताला विरोध करणाऱ्यांत विणकर नेहमीच आघाडीवर असतील, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही. नुकसान होते ते प्रामुख्याने कातणारीचे, आणि साखळीत तिचाच शब्द सर्वांत दुबळा आहे. शिवाय एकदा सूत यंत्राचा ताण सोसण्याइतके बळकट झाले की ते यंत्रमागावरही चालते. म्हणजे आज कातणारीचे काम गेले तर उद्या विणकराचेही जाऊ शकते. पंजाबातील यंत्रमागांवर निघणाऱ्या शालींची स्पर्धा काश्मिरी विणकराला अपरिचित नाही.

कायद्याचे संरक्षण कोणाला?

हातमाग (उत्पादनासाठी वस्तूंचे आरक्षण) अधिनियम, १९८५ अन्वये ज्या ११ प्रकारच्या वस्तू हातमागासाठी राखून ठेवल्या आहेत, त्यांत शालीचा समावेश आहे. हा कायदा महत्त्वाचा खरा. परंतु त्याचे नावच सांगते त्याप्रमाणे तो मागाचा कायदा आहे. मागावर चढणारे सूत कोठून आले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. यंत्रसूत हातमागावर विणले तर त्याची अट पूर्ण होते.

याउलट भौगोलिक निर्देशनाच्या नोंदणीने कताईला प्रथमच कायदेशीर मान्यता दिली. 'काश्मीर पश्मिना' या नावाची नोंदणी २००८ मध्ये झाली. त्यानुसार हे नाव लावावयाचे असेल तर शाल निव्वळ पश्मची असली पाहिजे, तंतूची जाडी १६ मायक्रॉनपेक्षा अधिक असता कामा नये, सूत हाताने कातलेले असले पाहिजे आणि काश्मीरमधील कारागिरांनी ते हातमागावर विणलेले असले पाहिजे. हाताने कातलेले सूत ही अट येथे निर्णायक आहे. श्रीनगरमधील शिल्पविकास संस्थेच्या आवारात २०१३ मध्ये चाचणी व प्रमाणीकरण केंद्र सुरू झाले. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली तंतूची जाडी मोजली जाते, सूत यंत्राचे की हाताचे हे तपासले जाते आणि चाचणीत उतरलेल्या शालीवर क्रमांकयुक्त सुरक्षित लेबल बसविले जाते.

तुलनेसाठी अमेरिकेतील नियम पाहण्यासारखा आहे. तेथील २००६ च्या कायदेशीर व्याख्येनुसार सरासरी १९ मायक्रॉनपर्यंत जाडीचा शेळीचा मुलायम तंतू 'कॅशमिअर' म्हणून विकता येतो. ही व्याख्या सर्वस्वी तंतूपुरती असून सूत कसे कातले याविषयी ती मौन पाळते. काश्मीरच्या नावावरून पडलेला शब्द असा तंतूपुरता मर्यादित झाला, तर काश्मीरच्या नोंदणीने वस्तूच्या व्याख्येत तंतूबरोबर श्रमालाही स्थान दिले. हा फरक लहान नाही.

तरीही प्रमाणीकरणाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. ते ऐच्छिक आहे. लेबल न लावता 'पश्मिना' या नावाने शाल विकणाऱ्याला बाजारात अडचण येत नाही. दुसरे असे की, लेबलमुळे शालीला अधिक किंमत मिळाली तरी तो लाभ गाठींच्या दरापर्यंत झिरपेलच अशी तरतूद त्यात नाही. व्याख्येने हातसुताची मागणी राखली. त्याची मजुरी ठरविली नाही.

सुधारणेचे काही प्रयत्न अवश्य झाले आहेत. पायाने चालविण्याचा चरखा विकसित करण्यात आला. त्यावर दोन्ही हात मोकळे राहतात आणि तासन्‌तास जमिनीवर बसावे लागत नाही. काही ठिकाणी स्त्रियांचे गट थेट कच्चा पश्म घेऊन सूत विकू लागले आहेत. परंतु या प्रयत्नांना मिळालेले लक्ष माफकच म्हणावे लागेल. ९ मार्च २०१२ रोजी काश्मीरमधील कृषी विद्यापीठात पश्मिना शेळीचे 'नूरी' नावाचे क्लोन जन्मास आले, तेव्हा त्याची वार्ता देशभर झाली. सुधारित चरख्याला असे भाग्य लाभलेले नाही. वास्तविक शेळ्यांची पैदास वाढली तरी तिची लव हाताने कातणारे कोणी नसेल, तर ती यंत्राकडेच जाणार.

२०२३ मध्ये 'लडाख पश्मिना' आणि जम्मूमधील 'बसोहली पश्मिना' यांनाही स्वतंत्र भौगोलिक निर्देशन मिळाले. लडाखमध्ये आजवर कच्चा माल विकण्यावरच भर होता. तेथील स्त्रिया आता स्वतः सूत कातून शाली विणू लागल्या आहेत. काश्मीरच्या दृष्टीने ही स्पर्धा आहे, कारण चांगथांगचा पश्म लेहमध्येच विणला जाऊ लागला तर खोऱ्यात येणारा वाटा तेवढा घटेल. लडाखमध्ये मात्र जी कातते तीच पुष्कळदा विणते आणि विकतेही. तेथे कातणारी आणि ग्राहक यांच्यामधील हातांची संख्या कमी असल्याने कताईची मजुरी शालीच्या किमतीतून वेगळी काढावी लागत नाही. काश्मीरमध्ये ती अजूनही गाठीगाठीने मोजली जाते.